सोबत मध्येच सोडू नका : आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

घरी अडचणीत असलेल्या एकेका मुलाला मंडळीतल्या एका मोठ्या माणसाची सोबत देणारा शनिवारचा सोबती उपक्रम महिनाअखेरीस बंद होणार आणि त्याऐवजी तरुणांसाठी वर्षातून एकदा तीन दिवसांचं शिबिर भरणार, हे आम्हां सोबत्यांना कळलं ते रविवारी उपासनेच्या शेवटी, सूचना वाचल्या जात असताना. आधी गायनमंडळाच्या सरावाची बदललेली वेळ, नंतर थकलेल्या वर्गणीची आठवण, आणि दोन्हींच्या मधे हे एक वाक्य. ज्यांच्याबद्दल तो निर्णय होता ती मुलं शेवटच्या बाकांवर बसली होती. त्यांनाही तेव्हाच कळलं. आदल्याच दिवशी ती आमच्याबरोबर बसली होती आणि पुढच्या शनिवारचं ठरवून गेली होती. कारणं आमच्या कानावर आली ती अशी: बाप्तिस्मे किती झाले, गोंगाट आणि नासधूस फार, आमची मुलं बिघडतील, आणि उद्या काही घडलं तर जबाबदार कोण.

कार्यकारिणीला लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. यात भांडणाचा हेतू नाही. हा उपक्रम म्हणजे नेमकं काय हे मंडळीतल्या पुष्कळांना ठाऊकच नाही, त्यांनीही हे वाचावं एवढंच.

मी बोलते त्याला कारण आहे. माझे वडील दारू प्यायचे. मंडळीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. आमच्याकडे प्रार्थनेला येणारी माणसंसुद्धा वडील शुद्धीत असतील अशी वेळ बघून यायची. अपवाद एका बाईंचा. त्या संडे स्कूलला शिकवायच्या. आवाज करडा, कौतुकाची सवय नाही. त्यांनी मला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. दर आठवड्याला रिकाम्या चर्चमध्ये मी पुढे पुलपिटाशी, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याशी, आणि त्या पार शेवटच्या बाकावर. "ऐकू येत नाही," एवढंच म्हणायच्या. ज्या घरात आवाज न काढणं हाच निभावून नेण्याचा उपाय, त्या घरातल्या मुलीला मोठ्याने वाचायला लावणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे. मी कॉलेज संपवेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. पुढे माझं जे काही बरं झालं त्यात बाईंचा वाटा किती आणि प्रभूचा किती, हा हिशोब मला कधी मांडता आला नाही.

आता उपक्रमाविषयी. घरात दारू आहे, मारहाण आहे, बाप तुरुंगात आहे किंवा आई निघून गेली आहे, अशा एका मुलामागे मंडळीतलं एक मोठं माणूस. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेट, चर्चच्या मागच्या खोलीत, दार उघडं ठेवून. हल्ली याला मेंटरिंग म्हणतात. भेटीत विशेष काही घडत नाही. अडलेलं गणित, प्रवेशाचा फॉर्म, आणि मुलाला बोलायचंच नसेल तर नुसतं शेजारी बसणं. उठताना एखादं वचन आणि छोटी प्रार्थना, तीही मुलाला हवी असेल तर.

सुरुवातीचे काही महिने मूल आपल्याला तावूनसुलाखून घेतं. येतो म्हणतं आणि येत नाही. आलं तर खोटं बोलतं, मोबाईलमधून मान वर काढत नाही, कधी मुद्दाम अशी शिवी घालतं की ऐकणाऱ्याने उठून जावं. मोठी माणसं आज ना उद्या जातातच, हा त्याचा अनुभव. मग त्यांच्या जाण्याची वाट बघण्यापेक्षा आपणच घालवलेली बरी. चांगल्या हेतूने आलेली बरीच माणसं या दिवसांत गळतात. जी टिकतात त्यांना मी विचारून पाहिलं आहे. उत्तर बहुतेक एकच येतं: माझ्यासाठीही कुणीतरी असाच धीर धरला होता. कुणी तो धीर देवाचा म्हणतं, कुणी एखाद्या माणसाचं नाव घेतं.

ख्रिस्ती विश्वासाने तरुण बदलतात असं आपण म्हणतो तेव्हा आपली नजर त्या तरुणावर असते. मी जे पाहिलं त्यात बदल आधी मोठ्या माणसात होतो. फळ दिसत नाही, आभार तर नाहीतच, तरी पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसायचं बळ त्याला कुठून तरी मिळतं. मुलाला पहिल्यांदा विश्वास दिसतो तो या येण्यात. वचनं त्यानंतर कानात शिरतात.

एकदा एका काकांना यायला उशीर झाला. आल्या आल्या त्यांनी मुलाला सांगितलं, "तुझा वेळ गेला, चुकलं माझं." मुलगा हसायलाच लागला, त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. मोठ्या पुरुषाने आपली माफी मागितलेली त्याने कधी पाहिली नव्हती. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडून खोलीतल्या पंख्याचं बटण तुटलं, तेव्हा तो स्वतःहून सांगायला आला. पापांगीकार आणि क्षमा यांवरची प्रवचनं त्याने ऐकली असतीलच. चूक कबूल केली तरी मार बसत नाही, हे त्याला त्या खोलीत कळलं.

आणि एक मुलगी. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणताना ती पहिल्या ओळीला तोंड मिटून उभी राहायची आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो' पासून आवाज लावायची. स्वर्गातील पिता ही ओळ तिला म्हणवत नव्हती, कारण बाप कसा असतो ते ती घरी रोज बघत होती. तिच्या सोबती बाईंच्या हे लक्षात आलं, त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच काळाने तिनेच विचारलं, देवाला दुसरं काही म्हटलेलं चालतं का. बाईंनी यशयाचा ४९ वा आणि ६६ वा अध्याय काढून दिला, जिथे देव स्वतःची तुलना आईशी करतो. ती पहिली ओळ मुलगी अजूनही म्हणत नाही. पण प्रार्थनेला येते, आणि परवा तिने एका लहान मुलीसाठी मोठ्याने प्रार्थना केली. आपल्या अहवालात हे कुठल्या रकान्यात बसवणार?

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी ही, की जमलेल्या जोड्या मध्येच तोडल्या जात आहेत. बैठकीत म्हणे असं बोललं गेलं की उपक्रम नव्हता तेव्हाही ही मुलं होतीच, बंद झाला तर होती तिथे परत जातील. तसं होत नाही. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून असंच काम करते. तिच्या कामाची पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांपैकी निम्म्यांना लगेच सोबती दिला आणि बाकीच्यांना दीड वर्ष प्रतीक्षा यादीत ठेवलं. ज्यांना सोबती मिळाला त्यांच्यात अमली पदार्थांना पहिल्यांदा हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी, दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी कमी निघालं, आणि शाळा बुडवणं ५२ टक्क्यांनी. हा कार्यक्रम धार्मिक नव्हता, हेही सांगते. विश्वासाचं श्रेय मी त्यातून काढू पाहत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच माहितीचा जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या दोघींनी २००२ मध्ये पुन्हा अभ्यास केला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. ज्यांची तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांच्या मनातली स्वतःची किंमत आधीपेक्षा खाली गेली होती. म्हणजे सोबत देऊन काढून घेणं हे कधी न देण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. आपल्या काही जोड्या नुकत्याच, या वर्षी जमल्या आहेत. महिनाअखेरीस आपण नेमकं हेच करणार आहोत.

दुसरी तक्रार मोजमापाची. "इतक्या वर्षांत बाप्तिस्मे किती झाले?" हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला. या मुलांना कुणीतरी कायम काही ना काही मोबदला मागत आलं आहे. प्रेमाचाही हप्ता फेडावा लागतो असं आपल्याकडूनही त्यांना कळलं, तर आपण शुभवर्तमान सांगतो आहोत असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. मदतीसाठी विश्वासाची अट नको आणि विश्वासासाठी मदतीचं आमिष नको. मुलं विचारतात तेव्हा आम्ही येशूबद्दल सांगतो, लपवत नाही. पण तो निर्णय त्यांचा, त्यांच्या वेळेने.

आणि त्या वेळेला खरंच वेळ लागतो. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती मुलं चाळिशीला पोचेपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसनी किंवा मनाने आजारी आईबाप अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं तरीही धड, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसणारी एक गोष्ट म्हणजे आईबापांखेरीज एखाद्या तरी मोठ्या माणसाशी असलेलं पक्कं नातं: आजी, शिक्षिका, शेजारी, चर्चमधलं कुणी. आणि जी मुलं किशोरवयात भरकटली होती त्यांच्यातलीही बरीच विशीतिशीत सावरली. सावरण्याची जी वळणं त्या अभ्यासात नोंदली आहेत त्यांत पुढचं शिक्षण आहे, चांगला जोडीदार आहे, आणि एखाद्या श्रद्धाळू समाजात मनापासून सामील होणंही आहे. विशीतिशीत. आपण पंधरा वर्षांच्या मुलाकडे दरवर्षी हिशोब मागतो आहोत.

पवित्र शास्त्रातलंच उदाहरण घ्या. शुभवर्तमान सांगण्याच्या फेरीवर असताना मार्क म्हटलेला योहान पंफुल्यात प्रेषित पौलाला आणि त्याचा साथी बर्णबा याला सोडून परत गेला. पुढच्या फेरीला त्याला घ्यायला पौल तयार होईना. बर्णबा त्याच्यासाठी अडून बसला, कडाक्याचं भांडण झालं, आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्र बेटावर गेला. पुढे तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली सगळी वर्षं बर्णबाने काय केलं, याबद्दल एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. आपल्या कार्यकारिणीने त्या वर्षांचा अहवाल मागितला असता तर बिचाऱ्या बर्णबाचं पान कोरंच राहिलं असतं.

तिसरी, शिबिराबद्दल. शिबिराला माझा विरोध नाही. शेवटच्या रात्री मुलं रडतात, पुढे येतात, निश्चय करतात. ते खोटं नसतं. चौथ्या दिवशी मात्र तेच घर असतं. डॉन बॉस्को १८४१ मध्ये पुरोहित झाल्यावर इटलीतल्या तुरिन शहरातल्या तुरुंगांत जाऊ लागला. तिथली बारा ते अठरा वयाची पोरं चांगलं वागायचा निश्चय करून सुटत आणि काही दिवसांत परत आत येत. त्याने कारण शोधलं: बाहेर त्यांचं कुणी नव्हतं. हे त्याला उमगलं यात नवल नाही. त्याचे वडील तो दोन वर्षांचाही नसताना गेले, सावत्र भावाशी पटेना म्हणून पोरवयात तो दुसऱ्यांच्या शेतावर राबायला गेला, आणि कालोसो नावाच्या एका म्हाताऱ्या पाद्रींनी त्याला जवळ घेऊन शिकवलं. (तो कॅथलिक होता आणि आपण नाही, हे कुणी मला आठवण करून देईल. शिकायला हरकत नसावी.) पुढे त्याने आपल्या पद्धतीचे तीन आधार सांगितले: समजावणं, धर्म आणि माया.

गोंगाटाची तक्रारही बॉस्कोच्या वाट्याला आलीच होती. १८४४ ते १८४६ या काळात त्याच्या पोरांच्या मेळ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी हाकललं गेलं. शेजारी वैतागायचे, आवाज फार, नासधूस फार. शेवटी १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक ठेंगणी शेड भाड्याने मिळाली. आज त्याच्या सेल्सियन संघाचं काम शंभराहून जास्त देशांत चालतं. आपल्याकडे एक काच फुटली आणि दोन बाकांवर नावं कोरली गेली. काच आम्ही बसवून दिली आहे. बाकांना मुलांकडूनच पॉलिश करून घेऊ.

"आमची मुलं बिघडतील" हे मात्र मला लागलं. बैठकीत 'कुसंगतीने नीती बिघडते' हे वचन वाचलं गेलं, असं कळतं. ते वचन करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या ज्या अध्यायात आहे तिथे पौल मंडळीच्या आतल्याच, पुनरुत्थान नाकारणाऱ्या लोकांबद्दल बोलतो आहे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की जगातल्या पापी लोकांशी संबंधच ठेवू नका असं मला म्हणायचं नव्हतं, नाहीतर तुम्हांला जगातूनच निघून जावं लागेल. आणि आपली संडे स्कूल कुणासाठी सुरू झाली होती? रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात ज्या मुलांना गोळा केलं ती आठवडाभर कामाला जुंपलेली आणि रविवारी रस्त्यावर उंडारणारी, मळक्या कपड्यांतली पोरं होती. प्रतिष्ठित घरची मुलं तिथे नंतर आली.

चौथी तक्रार पुलपिटाबद्दल आहे, आणि पाळकसाहेब, ती मी आदर राखूनच करते. आईबापाचा मान राख, ही आज्ञा आपण मुलांना वारंवार ऐकवतो. मार खाऊन आलेलं मूल ती ऐकताना खाली बघत असतं. इफिसकरांस पत्रात त्या आज्ञेपाठोपाठ बापांना सांगितलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका; त्यावर प्रवचन झालेलं मला आठवत नाही. क्षमा कर, प्रार्थना कर, असं सांगून मुलाला त्याच घरी परत पाठवणं म्हणजे सेवा नव्हे. मार चालू असेल तर आधी मार थांबला पाहिजे. त्यासाठी बालसंरक्षण यंत्रणा आहे, समुपदेशक आहेत, डॉक्टर आहेत. प्रार्थना त्यांच्या जागी नाही, त्यांच्याबरोबर आहे.

एका मुद्द्यावर कार्यकारिणीचं म्हणणं मला पूर्ण पटतं: उद्या काही अघटित घडलं तर जबाबदार कोण? हा प्रश्न योग्य आहे, आणि चर्चच्या इतिहासाकडे पाहता तो आधीच विचारायला हवा होता. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात चौकशी आयोगाने संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचाराचा शोध घेतला, तेव्हा तक्रारी दाबून ठेवणाऱ्यांत निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या निघाल्या. दुखावलेलं मूल विश्वास ठेवायला लागतं तेव्हा ते सर्वांत असुरक्षित असतं. यावर उपाय म्हणजे नियम करणं. उपक्रम बंद केल्याने धोका संपत नाही, तो फक्त आपल्या आवाराबाहेर जातो.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

आज ज्या जोड्या जमलेल्या आहेत त्या तोडू नयेत. नवीन जोड्या घ्यायच्या की नाही यावर चर्चा होऊ शकते. चालू असलेल्यांवर नाही. यापुढे सोबती होणाऱ्याने किमान एक वर्षाचं लेखी वचन द्यावं, आणि कुणाला थांबावं लागलं तर मुलाला आधी सांगून, नीट निरोप घेऊन थांबावं.

शिबिर जरूर घ्यावं, पण उपक्रमाच्या बदल्यात नको.

बाप्तिस्म्यांची संख्या हे या उपक्रमाचं मोजमाप नसेल, असं कार्यकारिणीने इतिवृत्तात नोंदवावं. नोंद ठेवायचीच तर भेटी होतात का, मूल शाळा-कॉलेजात टिकलं आहे का, घरी ते सुरक्षित आहे का, याची ठेवावी.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी करावेत. प्रत्येक सोबत्याची आधी चौकशी, बंद दाराआड एकट्याने भेट नाही, तक्रार ऐकायला एक बाई आणि एक पुरुष यांची नावं फलकावर, आणि तक्रार आली तर ती आपसांत न मिटवता बालसंरक्षण यंत्रणेकडे. हे नियम पाळकांना आणि कार्यकारिणीच्या सभासदांनाही लागू असावेत.

सोबत्यांना वर्षातून एकदा तरी प्रशिक्षित समुपदेशकाकडून शिकवणी मिळावी. आम्ही प्रेमाने पुष्कळ करतो, पण आत्महत्येबद्दल बोलणाऱ्या मुलाला काय उत्तर द्यायचं हे आपोआप येत नाही.

हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या बैठकीला सोबत्यांपैकी दोघांना व, त्यांची इच्छा असेल तर, मुलांपैकीही दोघांना बोलवावं. त्यांच्याबद्दलचा निर्णय त्यांनी पुन्हा सूचनांमध्ये ऐकू नये.

महिनाअखेरीआधी लेखी उत्तर मिळावं ही विनंती. तोवर भेटी ठरल्या वेळी चालू राहतील. मागच्या खोलीची किल्ली आता कुणाकडून घ्यायची, तेवढं कृपया कळवावं.

ख्रिस्तात आपली बहीण,
मंडळीची सभासद आणि उपक्रमातली एक सोबती